बडीअम्माची दुधाची पोरं

हज करून आलेल्या, पांढऱ्या दाढीच्या, तीन सुनांच्या सासऱ्याला भर दुकानात "ह्यो लई चावायचा" असं सांगणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती म्हणजे आमच्या गल्लीतली बडीअम्मा. हाजींचं किराणा दुकान, समोर सात-आठ गिऱ्हाइकं उभी, आणि ही काठी काउंटरवर आडवी ठेवून शांतपणे सांगतेय, "दात आले तसं मी ह्याचं पिनं तोडलं. न्हाईतर ह्यानं अजून सोडलं नसतं." हाजी मान खाली घालून तिची साखर बांधत होते. मार्केट यार्डात ज्यांचा शब्द चालतो असा माणूस, पण बडीअम्मासमोर त्यांचं वय कायम दीड वर्ष.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात दुधाचं नातं रक्ताइतकंच पक्कं. ज्या बाईनं दुसऱ्याच्या बाळाला पाजलं, ती त्या बाळाची आईच. मग तिची पोटची पोरं आणि तिनं पाजलेली पोरं सगळी एकमेकांची सख्खी भावंडं, त्यांची आपसात लग्नं होत नाहीत. नियम साधा आहे. घोळ एवढाच की पन्नास वर्षांपूर्वी कुणी कुणाला पाजलं हे कुठंच लिहिलेलं नसतं. कुणाची आई तापानं फणफणलेली, कुणाला दूधच उतरलं नाही, कुणी सिव्हिल हॉस्पिटलात. शेजारणीनं बाळ उचललं आणि घेतलं पदराखाली. आमच्या गल्लीचं नशीब असं की त्या काळात ती शेजारीण बहुतेक वेळा बडीअम्माच होती, आणि तिच्या सगळं लक्षात होतं.

त्यामुळे नगरच्या आमच्या त्या जुन्या भागात लग्न जमवायचं झालं की मुलगी बघायच्या आधी बडीअम्मा. सोयरीक घेऊन माणूस आला की ती त्याला खाटेवर बसवायची आणि सुपारी कातरायला घ्यायची.

"पोरगा कुनाचा?"

"त्या रिक्षावाल्या भाईचा."

"त्या भाईला पाजलंय मी. पोरगी कुनाची?"

"शिंप्याच्या थोरलीची."

"तिला पन पाजलंय." कट् करून सुपारी तुटायची. "म्हंजे बाप आन आई दूधभाऊ-दूधबहीण. पोरं मामे-आतेभावंडं झाली. त्याला काय हरकत? लावा निकाह."

मशिदीत नवीन आलेले मौलाना, तरुण, बाहेरगावचे. त्यांनी एकदा प्रयत्न केला. "अम्मा, यात शरियतचा मसला असा आहे की..." तिनं हात वर करून त्यांना थांबवलं. "बेटा, मसला तुझा. दूध माझं." तेव्हापासून मौलानाच लोकांना तिच्याकडे पाठवायला लागले.

नव्या पिढीवर तिचा राग होता. "डब्याच्या पावडरवर वाढली ही पोरं. कुनाचं बी कुनाशी लावा, मला इचारायला येऊ नका." तिचा धाकटा मुलगा सावेडीला फ्लॅटमध्ये राहायचा. आईला घेऊन जायला तो दर महिन्याला स्कूटरवर यायचा आणि दर महिन्याला रिकामी सीट घेऊन परत जायचा. ती म्हणायची, "तिथं लिफ्टमदी भेटलेल्या मानसाला मी काय इचारू? कुनाचं दूध पिलास म्हनून?"

पोटची दोन, आणि बाहेरची अकरा. ईदच्या नमाजनंतर यातली गावात असलेली सगळी तिच्या दारात यायची. कुणी हवालदार, कुणी शाळेचा हेडमास्तर, कुणी स्वतः आजोबा झालेला. ती खुर्चीत बसून प्रत्येकाच्या डोक्यावर एक टपली मारायची आणि हातावर एक खारीक ठेवायची. अकरांच्या बाहेर कुणाला खारीक नाही. मी एकदा हात पुढं केला तर म्हणाली, "तू तुझ्या आईचं पिलास. तिच्याकडं माग."

ती जाऊन आता दीड वर्ष झालं. पण तिचा आवाज मला अजून पाठ आहे, कारण तो मी शाळेत असल्यापासून काढतोय. मला आवाज काढायची खोड आहे. हेडमास्तर, मौलाना, एसटी स्टँडवरचा कंट्रोलर, सुप्याच्या कंपनीत लागल्यापासून आमचा सुपरवायझर. पण सगळ्यात जास्त मागणी बडीअम्माला. घरात आम्ही दखनी बोलतो, बाहेर मराठी, आणि ही एकाच वाक्यात दोन्ही, त्यात नगरचा ठसका. एकदा कोपऱ्यावर पोरांसमोर मी तिचा आवाज काढत होतो आणि पोरं अचानक गप्प झाली. मागं वळलो तर ही उभी.

"क्या रे, चालू ठेव की."

"नाही, बडीअम्मा, ते असंच..."

"चालू ठेव म्हन्ते ना मैं."

मग केलं मी. तिनं पूर्ण ऐकलं, अगदी लग्नाची सोयरीक ऐकावी तसं. शेवटी म्हणाली, "काठी डाव्या हातात धरतोस तू. माझी उजव्या हातात असती. आन एवढी खोकत न्हाई मी." आणि निघून गेली. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी ती मला बोलवून घ्यायची आणि स्वतःची नक्कल करायला लावायची. तिच्या वयाच्या बायका टीव्ही बघतात, ही स्वतःला बघायची.

तिची यादी हा माझा हुकमी आयटम होता. अकरा पोरांची नावं ती कायम एकाच क्रमानं घ्यायची आणि प्रत्येकाची खोड सांगायची. "हाजी चावायचा. हवालदार पिता पिता झोपायचा, गालाला चापट मारली की परत चालू. शिंप्याची थोरली, कुनी खोलीत आलं की तोंड काढून बघायची, भोचक ती तवापास्नं. मग एक श्रीरामपूरचा पाव्हना. त्याची आई बाळंतपनाला गल्लीत माहेरी आलेली, तिला सिव्हिलला ठेवलं, तवा चाळीस दिवस पाजला मी त्याला. एकाच बाजूनं प्यायचा मेला, दुसरीकडं लावला की बोंब ठोकून गल्ली गोळा. नंतर त्याच्या मामांनी घर इकलं, तो काय परत दिसला न्हाई." असं करत करत शेवटी, "आन अकरावी तुझी फुफी. ही माझी."

फुफी म्हणजे माझ्या अब्बांची बहीण. तेव्हा बावन्न वर्षांची, चौदा वर्षांपासून विधवा, मूलबाळ नाही. आमच्याच घरात राहायची आणि शाळेचे गणवेश शिवायची. नगरमधल्या निम्म्या पोरांच्या खाकी चड्ड्या तिच्या मशीनखालून गेल्यात. कमी बोलते. मला लहानपणी जेवण भरवण्यापासून अभ्यास घेण्यापर्यंत सगळं तिनंच केलं, त्यामुळे मला वात्रट केल्याचा आरोपही तिच्यावरच आहे.

तिच्यासाठी स्थळ आलं तेव्हा आधी घरात सगळे हसले, आणि मग कुणीच हसेना, कारण फुफी म्हणाली, "बघायला येऊ देत." आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःसाठी काही मागितलं होतं. माणूस श्रीरामपूरचा. पंप दुरुस्तीचं दुकान, पंचावन्न वर्षांचा, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, दोन मुली लग्न होऊन सासरी. बाहेरगावचा म्हणून बडीअम्माला आधी विचारायचं कुणाला सुचलं नाही. मध्यस्थानं फोटो दाखवला. फुफीनं तो उशीखाली नाही ठेवला, पण मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. मी बघितलं.

तो माणूस एका रविवारी दोन्ही मुलींना घेऊन आला. सरळ माणूस. चहा बशीत ओतून प्यायला, फुफीनं विचारलं तेव्हा "साखर चालते, शुगर नाही मला" असं अभिमानानं सांगितलं. दोघं आमच्यासमोर दहा मिनिटं बोलले, शिलाई मशीनच्या मोटरबद्दल. तो म्हणाला आवाज करते म्हणजे बेल्ट सैल झालाय. फुफी म्हणाली, तीन महिने झाले, कुणी बघेना. मला वाटलं, जमलं.

मग उठता उठता तो अब्बांना म्हणाला, "तुमच्या नगरशी माझं जुनं नातं आहे बरं का. माझा जन्म इथलाच. अम्मी आजारी पडली होती, तर इथल्या एका बाईनं मला चाळीस दिवस दूध पाजलं. अम्मी मरेपर्यंत तिची आठवण काढायची. कोण होती, कुठं राहायची, मला काही माहीत नाही. शोधायचंय एकदा."

माझ्या डोक्यात बडीअम्माच्या आवाजात वाजलं, एकाच बाजूनं प्यायचा मेला. अब्बा हळूच म्हणाले, "तुमच्या मामांचं घर कोणत्या गल्लीत होतं?" त्यानं सांगितलं. आमचीच गल्ली.

त्याला बडीअम्माकडं घेऊन गेलो. तिनं त्याला खाली बसवलं, डोक्यावर हात फिरवला, उजव्या कानामागचा तीळ बघितला. "पाव्हना," म्हणाली, "पंचावन्न वर्षं लावलीस." तो माणूस रडला. पंप दुरुस्त करणारा एवढा धिप्पाड माणूस तिच्या पायाशी बसून रडला. आणि डोळे पुसत त्यानं विचारलं, अम्मी, तुम्ही अजून कुणाकुणाला पाजलं? तिनं यादी सांगितली. शेवटचं नाव ऐकून तो उठला आणि दाराकडं बघत राहिला. आई सापडली होती, आणि त्याच दमात होणारी बायको बहीण झाली होती.

ते लोक चहाचे कप तसेच ठेवून गेले. फुफीनं कप विसळले. ड्रॉवरमधला फोटो तिनं मध्यस्थाला परत पाठवला, पाकिटात घालून, पाकीट चिकटवून.

दोन आठवड्यांनी, घरी कुणी नव्हतं तेव्हा, मी तिला हसवायचं ठरवलं. कापड मोजायची पट्टी काठी म्हणून उजव्या हातात घेतली, कात्री अडकित्ता म्हणून घेतली, आणि बडीअम्मा सुरू केली. हाजीला फुफी थोडी हसली. हवालदाराला जास्त हसली. पाहुणा मी गाळला. शेवटी आलो, "आन अकरावी तुझी फुफी. ही माझी."

फुफीनं मशीन थांबवलं. "माझ्या नावाला तुझी कात्री का थांबते रे?"

"ती थांबवते म्हणून. अडकित्ता खाली ठेवते ती तिथं. आवाज पण उतरतो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"आणि मी काय करायचे? चावायचे का झोपायचे?"

मी तोंड उघडलं आणि माझ्याकडं काही नव्हतं. मी ती यादी दोनशे वेळा तरी केली असेल. दहा पोरांची खोड त्यात होती. फुफीची कधीच नव्हती. मी रिकामी जागा इतकी वर्षं हुबेहूब करत होतो आणि मला कळलं नव्हतं.

फुफी पुन्हा मशीन चालवायला लागली. "तिला काही विचारू नकोस," म्हणाली. "म्हातारी आहे. राहू दे."

मी अर्थातच गेलो. दुपारची जोहरची नमाज पढून ती खाटेवर बसली होती. म्हणाली, "कर माझी." मी केली, यादीसकट. तिनं दोन ठिकाणी सुधारलं. शेवटच्या नावाला मी तिच्यासारखाच थांबलो, आणि मग माझ्या स्वतःच्या आवाजात विचारलं, "बडीअम्मा, फुफी कशी प्यायची?"

तिनं अडकित्ता उचलला. सुपारी नव्हती त्यात.

"तिनं पाठवलं तुला?"

"नाही. ती नको म्हणाली होती."

"कंपनीत जा तुझ्या."

"आज सुट्टी आहे."

"मग माझ्यापास्नं पन सुट्टी घे."

पाच दिवस तिचं दार बंद. मी एका म्हाताऱ्या बाईला खोटारडी म्हणालो होतो, तेही तिचीच नक्कल करता करता. शुक्रवारी जुम्याची नमाज झाल्यावर ती आली. काठी टेकत, धुतलेली ओढणी घेऊन, आणि मागं मौलाना, त्यांना तिनं मशिदीच्या दारातूनच उचललं होतं. अब्बा, अम्मी, फुफी, मी, सगळ्यांना समोर बसवलं.

"मौलाना, नीट ऐका. परत सांगनार न्हाई मी. हिला मी पाजलेलं न्हाई."

अब्बा म्हणाले, "बडीअम्मा, तुम्ही तर स्वतः..."

"मला बोलू दे. माझी एक पोरगी झाली हुती. नवव्या दिवशी गेली. तिला मातीत घालून तिसरा दिवस, आन हिच्या आईला टायफाईड झाला म्हनून नेलं. ही तीन आठवड्याची, भुकेनं रडतीय, आवाज माझ्या घरात येतोय. माझी चोळी भिजलेली. मी उठले आन आले. ह्या दारात तुझी दादी उभी. म्हनली, तुझं लेकरू गेलंय त्या दुधावर, ते आमच्या पोरीला नको."

"दादी असं म्हणाली?" अब्बांनी विचारलं. त्यांना दादीनंच वाढवलं होतं.

"भ्याली ती. तिची पन नात हुती. मी परत गेले. हिला बकरीचं दूध पाजून जगवलं."

मौलाना हळूच म्हणाले, "अम्मा, दुधाला असं काही लागत नसतं. तो नुसता वहम आहे."

"आता सांगतोस. तवा कुठं हुतास?"

मौलाना तीस वर्षांचे.

"पुढं लोक इचारायला लागले, कुनाकुनाला पाजलं. एकदा हिचं नाव तोंडातून गेलं. हिची दादी तवा वारली हुती. हिच्या आईला खरं म्हाईत हुतं. ती म्हनली, राहू द्या, एक आई जास्त झाली तर काय बिघडतं. माझ्या घरात एका पोरीची जागा रिकामी हुती. मी हिला बसवली तिथं. बस, एवढंच."

मग अब्बांनी ते विचारलं जे सगळ्यांच्या मनात होतं. अब्बा भित्रे आहेत, पण प्रामाणिक. "बडीअम्मा, रागावू नका. हिचं लग्न व्हावं म्हणून तर तुम्ही आता... म्हणजे खोटं तेव्हाचं, का आजचं?"

मौलानांनी घसा खाकरला. "हलफ घ्याल तुम्ही?"

"चाळीस वर्षं खोटं बोलले तवा कुनी हलफ मागितली न्हाई," ती म्हणाली. "आता खरं बोलतीय तर मागताय. आना कुरआन. आधी वजूला पानी द्या."

अम्मीनं तांब्या दिला. बडीअम्मानं सावकाश, कोपरापर्यंत नीट हात धुतले, अजिबात घाई न करता, आणि कुरआनवर हात ठेवून तेच वाक्य परत सांगितलं. मौलानांनी मान डोलावली. निकाहला अडकाठी उरली नाही.

फुफी इतका वेळ जमिनीकडं बघत होती. ती म्हणाली, "मग आता मी तुम्हाला काय म्हणू?"

"लग्नापातूर काय बी म्हन. नंतर सासू म्हन. तो माझाच हाय, त्यात शंका न्हाई." आणि माझ्याकडं वळून, "आन तू. यादीत दहा म्हनायचं आता. अकरा म्हनलास तर कान उपटीन."

श्रीरामपूरला निरोप गेला आणि निकाह पुढच्या महिन्यात ठरला, आमच्याच गल्लीतल्या मशिदीत, जेवण आमच्या घरी. आदल्या दिवशी बडीअम्मा गायब. घराला कुलूप. सावेडीला फोन केला तर मुलगा वैतागलेला. "अरे, अम्मी श्रीरामपूरला गेलीय. सकाळच्या एसटीनं. मला सोडायला लावलं स्टँडवर."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याकडची जीप आली. पुढच्या सीटवर बडीअम्मा. आमच्या दारापासून चाळीस पावलांवर राहणारी बाई दीड-दोन तास एसटीनं श्रीरामपूरला गेली होती, फक्त नवऱ्याकडून येता यावं म्हणून. ती उतरली आणि तशीच उभी राहिली. अम्मीला कळेना काय झालं. मग ती म्हणाली, "पाव्हने आलेत. शरबत न्हाई व्हय तुमच्यात?" अम्मी धावत आत गेली.

जेवायच्या वेळी तर कहर. दस्तरखानावर हाजी आणि हवालदार आमच्या बाजूला बसले होते, लहानपणापासूनचे शेजारी आमचे. तिनं पलीकडून नुसतं बघितलं. "भाऊ कुनाचे तुमी?" दोघं आपापली ताटं उचलून नवऱ्याच्या बाजूला गेले. मागोमाग हेडमास्तर, शिंप्याची थोरली, रिक्षावाला भाई. बघता बघता निम्मी गल्ली वरपक्षाची झाली आणि आम्ही वाढपी उरलो. तिनं बिर्याणीबरोबरचा दालचा पातळ असल्याचं सांगितलं. बिर्याणीत मीठ बरोबर होतं म्हणून तिला वाईट वाटलं असावं, कारण मग तिनं कांद्याबद्दल बोलून घेतलं.

निकाह झाला. बायकांच्या खोलीत नवरीचं तोंड बघायचा कार्यक्रम. फुफी लाल ओढणी डोक्यावरून पुढं ओढून बसलेली, बावन्न वर्षांची, लाजून लाल. नवऱ्याच्या मुली मिठाईचं ताट घेऊन पुढं सरकल्या तर काठी आडवी आली.

"सासू आधी."

मी दारातून बघत होतो. बडीअम्मा गुडघे धरत धरत फुफीसमोर खाली बसली. तिनं ओढणी वर केली. जी पोरगी तिनं तीन आठवड्यांची असल्यापासून बघितली होती, तिच्याकडं ती पहिल्यांदा बघावं तसं बघत राहिली.

"नाक जरा मोठं हाय," म्हणाली. "पन पसंत हाय मला."

मग तिनं ताटातून पेढा उचलला आणि फुफीच्या तोंडाशी धरला. फुफी खाईना. बडीअम्मा थांबली. हात तसाच पुढं. फुफीनं थोडासा तुकडा तोडला, मग अजून थोडा. पूर्ण पेढा संपेपर्यंत तिनं हात मागं घेतला नाही. मग दुसरा उचलला. मागं नवऱ्याच्या मुली ताट धरून ताटकळत उभ्या होत्या, त्यातली एक म्हणाली, "दादी, आम्हालाही भरवायचंय."

"उद्या," बडीअम्मा म्हणाली, आणि तिसरा पेढा हातात घेतला.